दगडफुलानं घेतलेली खाण

सोरेफीला आमच्या गावानं जी ठेवली नाहीत अशी नावं शिल्लक नाहीत. भांडखोर, नवरा टाकलेली, बापाला डोक्यावर बसवलेली, चर्चमध्ये पुरुषांच्या बाजूला बसणारी. यातलं एकही खोटं नाही. पण ही नावं ठेवणारे सगळे तिनं घडवलेल्या हंडीतच डुकराचं मांस शिजवतात, हे मला माहीत आहे. माझं चहाचं दुकान रस्त्यावर आहे, सगळं गाव माझ्यासमोरून जातं, आणि माझी जीभ काही माझ्या ताब्यात नाही.

आमचं लुंगफा गाव हंड्यांचं. उखरुलच्या बाजारात काळीभोर, गुळगुळीत, चाकाशिवाय हातानं घडवलेली हंडी दिसली तर ती आमच्याकडची, नाहीतर शेजारच्या गावांतली. तिच्यात माती थोडी आणि दगड जास्त. दगड आमच्या डोंगराचा, हिरवट काळा, ओला झाला की सापाच्या पाठीसारखा चमकणारा, म्हणून आम्ही त्याला सापदगड म्हणतो. खाली ओक आणि पाइन माजलेत, पण सापदगड लागला की झाडं खुरटतात, मका पिवळा पडतो, गवतसुद्धा तुटक तुटक उगवतं. या डोंगराचं कुणाशी पटत नाही. पटतं ते एका दगडफुलाशी. ते नुसत्या दगडावर चिकटून राहतं. सावलीत राखाडी, कडेला पिवळट, आणि उन्हाच्या बाजूला गंजासारखं नारिंगी. नखानं निघत नाही, पावसानं वाहून जात नाही. त्याला खायला काय मिळतं ते देव जाणे.

डोंगरावर प्रत्येक कुंभाराच्या घराची एक खाण आहे. खाण म्हणजे फार मोठं काही नाही. पणज्यानं पहिला घण घातला तिथला फोडलेला कडा. त्याला कुंपण नाही की पाटी नाही. नियम मात्र आहे आणि तो अगदी लहान मुलालाही पाठ आहे. तुम्ही दगड फोडत राहिलात की खाणीचं तोंड काळं राहतं, आणि तोवर खाण तुमची. फोडणं थांबलं की दगडफूल येतं, जखमेवर खपली धरावी तसं. मग आवुंगानं, म्हणजे गावच्या मुखियानं, त्या तोंडावर मधोमध पंजा पसरून ठेवायचा. पंजाखाली काळा दगड लागला तर खाण तुमचीच. नुसतं दगडफूल लागलं, तर खाण डोंगरानं परत घेतली. मग गावचं कुठलंही माणूस ती मागू शकतं, आणि जो आधी मागेल त्याला ती द्यावी लागते. दगडफूल खरवडायचं मात्र नाही. खरवडणारा तो चोर, आणि चोराच्या हंडीतलं गाव खात नाही.

आणखी एक नियम होता, तो कुणी मोठ्यानं सांगत नसे. दगड कुटायचा बायकांनी, चाळायचा बायकांनी, माती मळायची बायकांनी. जाळातून निघालेली लालबुंद हंडी पानांनी घासून काळी करायची आणि बोटं भाजून घ्यायची तीही बायकांनीच. पण घण उचलायचा नाही. बाईनं घण घातला की डोंगर रुसतो म्हणे. डोंगराला कुणी विचारायला गेलं नव्हतं.

सोरेफीचे वडील शांगनाओकाका या नियमाला फारसं जुमानत नसत. बायको तापानं गेली, पोर एकटी घरी कशी ठेवायची म्हणून ते तिला टोपलीत घालून डोंगरावर न्यायचे. आम्ही दोघी एका वयाच्या. मी त्यांच्यासाठी भाताचा डबा घेऊन वर जायचे तेव्हा कितीदा बघितलंय, काका सावलीत बसून विडी ओढतायत आणि ही दोन्ही हातांनी घण उचलून दगडावर घालतीये. घाव कमी आणि आरडाओरडा जास्त. मला बघितलं की काका म्हणायचे, "चोनला, तू काही बघितलं नाहीस."

"नाही काका. पण तिचा घाव फार तिरका पडतोय."

"बघ! बघितलं नाही म्हणते आणि चूकही काढते," म्हणून ते खो खो हसायचे. असा हसणारा पुरुष आमच्या गावात त्यानंतर झाला नाही.

मग तिचं लग्न झालं, खालच्या खोऱ्यातल्या गावात. भाताची शेती, पाणी भरपूर, नवरा दिसायला बरा. आम्ही सगळ्या जळलो. पुढच्याच पावसाळ्यात काका खाणीत घसरले आणि कंबरेतून मोडले. आवुंगा तेव्हा आवुंगा झाले नव्हते, काकांचे दोस्त होते. त्यांनी काकांना पाठीवर बांधून भर पावसात डोंगरावरून खाली आणलं. काका वाचले, पण पुन्हा कधी उभे राहिले नाहीत.

सोरेफीनं नवऱ्याकडे माहेरी जायची परवानगी मागितली. तो म्हणाला, "म्हातारा काय माझा बाप आहे?" ती म्हणाली, "माझा आहे." तेव्हा तो दारू प्यायलेला होता. चुलीपाशी तिनं माहेराहून आणलेली हंडी होती, तिला त्यानं रागानं लाथ मारली. हंडीला काही झालं नाही. त्याच्या पायाचा अंगठा मोडला. आणि सोरेफीला हसू आलं. आलं तर आलं, पण ते तिला आवरेना. त्यानं तिला मारलं, तेव्हाही ती हसत होती म्हणे. दुसऱ्या दिवशी ती हंडी डोक्यावर घेऊन चालत गावात शिरली. माझ्या दुकानापाशी थांबून काळा चहा मागितला आणि म्हणाली, "आता मी इथंच आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर आजच बोलून घ्या, उद्यापासून मला काम आहे."

लोक त्या दिवशी बोलले आणि पुढंही बोलतच राहिले. ती बापाचं हगणंमुतणं काढायची, भरवायची, पाठ चोळायची, आणि त्याच्या बिछान्याशेजारी बसून हंड्या घडवायची. काका पडल्या पडल्या काठीनं दाखवायचे, इथं जाड झालं, तिथं पातळ कर. त्याच सुमारास सरकारी रस्ता रुंद झाला आणि कुठल्यातरी घाटातल्या दगडाची तयार भुकटी ट्रकमधून यायला लागली. झालं! पुरुषांनी घण कोपऱ्यात उभे केले. कोण चढतंय डोंगर? सगळं गाव भुकटीवर गेलं, आणि सोरेफीही गेली, कारण तिच्या घरी चढणारा पुरुषच नव्हता. भुकटीच्या हंड्या जाळात तडकायला लागल्या. पण नाचता येईना अंगण वाकडं. कुणी म्हणालं लाकूड ओलं होतं, कुणी म्हणालं बायका माती नीट मळत नाहीत.

काका वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले आणि गेल्या हिवाळ्यात गेले. सोरेफीच्या केसांत तोवर पांढरं आलं होतं.

आमच्यात घर मुलीला जात नाही. जवळच्या पुरुष नातेवाइकाला जातं. तो म्हणजे वारेसो, काकांचा पुतण्या. काका जिवंत असताना वारेसोनं कधी त्यांची पाठ चोळली असेल तर मी दुकान बंद करीन. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. माती होऊन आठवडा झाला नसेल, तो पाहुण्यासारखा येऊन बसला आणि गोड बोलायला लागला. मी भांडी द्यायला गेले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"ताई, मी काय तुला हाकलतोय का? राहा की. वरच्या खोल्यांत आम्ही राहू, तू चुलीशेजारच्या खोलीत. पोरांकडे बघ, स्वयंपाकाचं बघ."

"आणि हंड्या?"

"त्याही कर! तुझ्या हाताला गुण आहे. माझ्या नावानं विकू."

सोरेफी मांडीवरचं पीठ झटकत उठली. "घर घे. घर नियमानं तुझं. मी तुझं पोर बघणार नाही आणि तुझ्या नावानं एक झाकणसुद्धा करणार नाही. बाबांची खाण आहे. खाण घराबरोबर जात नाही, फोडणाऱ्याची असते. ती मी फोडणार. तिच्या दगडाच्या हंड्या मी माझ्या नावानं करणार, आणि त्यावर वेगळी खोली बांधून राहणार."

"तू? घण?" वारेसो हसला. "आणि डोंगर रुसला म्हणजे?"

"तुझ्यावर एवढी वर्षं रुसला नाही, माझ्यावर कशाला रुसेल?"

तेव्हा तो हसत गेला. पण हसता हसता त्याचं डोकं चालायला लागलं. हल्ली दिल्लीकडची दुकानदार माणसं गाड्या घेऊन येतात आणि विचारतात, दगड कुठला? भुकटी म्हटलं की तोंड वाकडं करतात. त्यांना डोंगरच्या दगडाची हंडी हवी असते आणि खाणीसमोर उभं राहून फोटो हवा असतो. वारेसोची स्वतःची खाण पार वर, शेळ्यासुद्धा दमतात तिथं. शांगनाओकाकांची खाण रस्त्याला सगळ्यात जवळ, एकच चढ. त्यानं आवुंगाकडे जाऊन सांगितलं, काकांची खाण केव्हाच दगडफुलानं घेतली आहे, या आणि पंजा ठेवा, मी ती मागतो.

बातमी आधी माझ्या दुकानात आली, सोरेफी नंतर आली. मी रागारागानं चहा ओतत होते.

"वर जाऊन बघून आलीस का?" मी विचारलं.

"आले."

"काळं आहे का थोडंतरी?"

"नाही. काठापासून काठापर्यंत धरलंय. काय सुंदर धरलंय, चोनला! नारिंगीच्या आत राखाडी, राखाडीच्या आत पुन्हा नारिंगी."

"सुंदर? खाण चाललीये हातातली आणि तुला सुंदर दिसतंय?"

"दिसतंय तर काय करू?"

मी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ऐक. सकाळी धुकं असतं. कोयता घे आणि तळहाताएवढं खरवडून टाक. कुणी बघत नाही."

"डोंगर बघतो."

"डोंगर काय पंचांपुढं साक्ष द्यायला येणार आहे?"

"मी येईन ना. मी बघितलेलं असेल." तिनं चहाचा पेला खाली ठेवला. "आणि खरवडून राहिलेली खाण बाबांची कशी? ती चोराची. त्यापेक्षा वारेसोच्या चुलीपाशी बसलेलं बरं."

"मग बस जाऊन!" मी म्हणाले. मला असा संताप आला होता. चांगुलपणा करायलाही वेळकाळ असतो. ज्या गावानं आयुष्यभर हिला नावं ठेवली त्या गावाचा नियम ही एकटी सांभाळणार! तिनं उकडलेलं रताळं खाल्लं आणि डोंगराकडे गेली.

त्यानंतर ती रोज वर जायला लागली. मी विचारलं, काय करतेस वर? म्हणाली, फिरते, घरात मन लागत नाही. बाप गेलाय, नाहीच लागणार, असं म्हणून मी गप्प बसले. पण संध्याकाळी ती परत यायची तेव्हा तिचा चेहरा रडलेला नसायचा. उलट लग्नघरातून आल्यासारखी दिसायची.

पंजा ठेवायचा दिवस आला. असं काही आमच्या हयातीत झालं नव्हतं, म्हणून सगळं गाव निघालं. मी दुकानाला कडी घातली. चढावर पंचांचे जे हाल झाले ते बघण्यासारखे होते. ज्यांचे बाप पाठीवर दगड घेऊन या वाटेनं गाणी म्हणत उतरायचे ते आता रिकाम्या हातांनी धापा टाकत होते. एक पंच तर माझ्या खांद्याला धरून चढला आणि वर पोचल्यावर म्हणाला, "तू पडशील म्हणून धरलं."

आवुंगा मात्र काठी टेकत न थांबता चढले. म्हातारा वाईट नाही. वाईट असता तर सगळं सोपं झालं असतं. त्यांनी शाल सावरली, शांगनाओकाकांच्या खाणीपुढं क्षणभर डोळे मिटून उभे राहिले, आणि पंजा पसरून मधोमध ठेवला. त्यांचा पंजा मोठा आहे. बोटांच्या फटींतून सगळीकडे नारिंगीच दिसत होतं.

"लागत नाही," ते हळूच म्हणाले. "काळं कुठंच लागत नाही, सोरे."

वारेसो पुढं आला. "मग मी मागतो..."

"थांब," सोरेफी म्हणाली. "बाबांची खाण गेली. मला मान्य आहे. नियम आहे." सगळे तिच्याकडे बघायला लागले. ती भांडेल, रडेल, दगडावर डोकं आपटेल अशी लोकांची तयारी होती. काही जणी तर तेवढ्यासाठीच चढून आल्या होत्या. "आता पुढच्या खाणीकडे चला."

"पुढच्या?" आवुंगांनी विचारलं.

"पंजा ठेवायलाच आलोय तर सगळ्यांवर ठेवू. नियम काय एकट्या बाबांसाठी होता? आधी वारेसोची बघू. मग पंचांच्या."

मग एकदम सगळे बोलायला लागले. कुणाला गुरं आठवली, कुणाला गुडघे. माझ्या खांद्याला धरून चढलेला पंच म्हणाला, "आज नको, आभाळ भरलंय." आभाळ निळंभोर होतं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, की ही बाई इतके दिवस वर काय फिरत होती! ती प्रत्येकाची खाण बघून आली होती. भुकटी सगळ्या गावानं घेतली होती, आणि दगडफूल काही एकट्या शांगनाओकाकांच्या वाटेला थोडंच जाणार होतं!

"कुणी मागे जायचं नाही!" मी ओरडले. "दुकान बंद करून आलेय मी. सगळं बघून जाणार."

बायका हसल्या. बायका हसल्या म्हटल्यावर पुरुषांना मागे जाता येईना.

वारेसोच्या खाणीवर दगडफूल नुसतं आलं नव्हतं, जाड होऊन त्याला लाटा पडल्या होत्या. आवुंगांनी पंजा ठेवला आणि म्हणाले, "लागत नाही." पहिल्या पंचाची, लागत नाही. दुसऱ्याची, लागत नाही. तिसऱ्याला तर स्वतःची खाण सापडेचना, सोरेफीनं हात धरून नेऊन दाखवली, "ही बघा काका, तुमची. ओळख विसरलात दोघंही." सोरेफी कुठलीही खाण मागत नव्हती. नुसती पुढं पुढं चालत होती, आणि तिच्यामागून आम्ही सगळे, आणि आता बायका आवुंगांच्या आधीच ओरडायला लागल्या होत्या, "लागत नाही!" असा आनंद मला फार वर्षांत झाला नव्हता, खोटं कशाला बोलू.

शेवटी एकच उरली. पाण्याच्या झऱ्याच्या वर, डोंगराच्या खांद्यावर, आवुंगांच्या घराण्याची खाण. तिच्याइतका मऊ आणि गडद दगड डोंगरात नाही. मोठ्या सणाच्या हंड्या पूर्वी तिच्याच दगडाच्या व्हायच्या. आवुंगा तिच्या अलीकडेच थांबले. त्यांनी पंचांकडे बघितलं. पंच त्यांच्याकडे फार आशेनं बघत होते.

"पुरे झालं," आवुंगा म्हणाले. "नियम जुना झाला. तो केला त्या माणसांना भुकटी माहीत नव्हती. सोरे, शांगनाओची खाण तुझ्याकडे राहू दे. वारेसो काही बोलणार नाही. पुरुषांच्या खाणी पुरुषांकडे राहू दे. घरी चला."

"हो, हो, चला," सगळे पंच एका सुरात म्हणाले. इतकं एकमत आमच्या पंचायतीत चर्चच्या छपराच्या वेळीही झालं नव्हतं.

मी सोरेफीच्या दंडाला चिमटा काढला. हवं होतं ते मिळालं होतं. बापाची खाण, रस्त्याजवळची, सगळ्यांसमोर. आणखी काय पाहिजे माणसाला? ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नको."

"नको?" आवुंगा म्हणाले.

"दया म्हणून दिलेली खाण नको. आज तुम्ही आहात. उद्या दुसरा आवुंगा येईल, म्हणेल कुणी दिली बाईला? तेव्हा मी काय दाखवू? दया कुठं चिकटलेली दिसते का दगडावर? तुम्ही आता म्हणता नियम जुना झाला. सकाळी माझ्या बापाच्या खाणीवर पंजा ठेवला तेव्हा जुना नव्हता. दुपारी तुमच्या खाणीपाशी आलो आणि म्हातारा झाला."

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" वारेसो ओरडला. "कुणाशी बोलतेस?"

"मी आवुंगांशी बोलतेय. तू मध्ये कोण?"

आवुंगांनी वारेसोला हातानं गप्प केलं. चेहरा उतरला होता त्यांचा. ते काठी टाकून खाणीपाशी गेले आणि त्यांनी पंजा पसरून मधोमध ठेवला. तो उन्हाचा कडा आहे. सगळं तोंड नारिंगी पेटलेलं होतं, आणि त्यावर त्यांचा म्हातारा, निळ्या शिरांचा हात. त्यांनी हात थोडा वर सरकवला, थोडा खाली. या वेळी कुणी बाई ओरडली नाही.

"लागत नाही," ते म्हणाले.

"मग मी ही खाण मागते," सोरेफी म्हणाली.

एकच गलका झाला. वारेसो दोन्ही हात वर करून म्हणाला, "बाईला खाण मागता येत नाही! कधीही मागितलेली नाही!"

"नियम म्हण," सोरेफी म्हणाली. "तोंडपाठ आहे ना? म्हण सगळ्यांसमोर. कोण मागू शकतं?"

वारेसो पंचांकडे बघायला लागला.

"गावचं कुठलंही माणूस," मागून कुणीतरी म्हातारी म्हणाली.

"हां. आता सांग, मी गावची नाही की माणूस नाही? चर्चची लाकडं वाहिली तेव्हा गावची होते. रस्त्याच्या श्रमदानाला दर घरचं एक माणूस बोलावलं, माझ्या घरून मीच गेले, तेव्हा कुणी परत पाठवलं नाही. तुझ्या घरून तर तुझी बायको आली होती. ती कोण होती तेव्हा?"

वारेसोची बायको माझ्या शेजारीच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावावा तशी शाल लावली, पण तिचे खांदे हलत होते.

आवुंगा अजून कड्याकडे तोंड करून उभे होते. ते मागे न वळता म्हणाले, "सोरे, तुझ्या बापाला मी याच पाठीवरून खाली नेलंय."

मला वाटलं, संपलं. यावर काय बोलणार? माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सोरेफीचाही आवाज पहिल्यांदा हलला, पण ती मागे हटली नाही.

"माहीत आहे, काका. आठवण आली नाही असा एक दिवस गेला नाही. म्हणून तुमची खाण सगळ्यात शेवटी ठेवली. वाटत होतं, एवढ्यात तुम्हीच म्हणाल की सोरे, तू फोड." तिनं नाक शालीला पुसलं. "तुम्ही म्हणालात घरी चला."

आवुंगांनी मान खाली घातली. नंतर ते बोलले, पंचायतीत बोलतात तसं, मोठ्यानं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

"डोंगरानं ही खाण माझ्याकडून घेतली. गावच्या माणसानं ती मागितली. पहिल्यांदा हिनंच मागितली. नियमानं दिली."

वारेसो पाय आपटत उतरणीला लागला. त्याची बायको जागची हलली नाही. पंच एकमेकांकडे बघत होते, बहुतेक आपापल्या खाणी मनात मोजत; कारण गावात मागणाऱ्या बायका खूप होत्या आणि त्यातल्या निम्म्या तिथं उभ्या होत्या. सोरेफीनं पाठीवरची टोपली खाली ठेवली आणि तिच्यातून घण काढला. डोकं टेकवून पुटपुटत काहीतरी प्रार्थना केली. दोन्ही हातांनी घण उचलून ती कड्यासमोर पाय रोवून उभी राहिली.

म्हाताऱ्याचा पंजा अजून तिथंच होता, मधोमध, दगडफुलावर.

"काका," ती म्हणाली, "हात काढा."